पाट माझ्या बांधावरून जातो

मला फसवलं ते गावातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांनी नाही. मला फसवलं माझ्याच भाषेत बोलणाऱ्या, माझ्या घरी वरण-बट्टी खाऊन गेलेल्या, मला काका आणि माझ्या बायकोला काकू म्हणणाऱ्या जमिनीच्या एका एजंटानं. जमीन विकणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याच्याजवळ माझ्यासाठी एक निरोप दिला होता. तो त्यानं माझ्यापर्यंत पोचवला नाही, आणि म्हाताऱ्याला मात्र जाऊन सांगितलं की काकांना मान्य आहे. त्यामुळे आज माझ्याकडे अडीच एकर जमीन आहे, जर्दाळू आणि सफरचंदाची बेचाळीसपैकी उरलेली छत्तीस झाडं आहेत, वरच्या बांधावरून बारमाही नाही पण आठ महिने वाहणारा पाट आहे, आणि त्या पाटातल्या एका थेंबावरही माझा हक्क नाही.

मी खानदेशातला. पांझरेच्या काठचं गाव. आमच्याकडे पाण्याची फडपद्धत होती. नदीला लहानसा बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन फडांमध्ये वाटलेली. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेताचा मालक कितीही मोठा असो, त्यानं स्वतःच्या हातानं पाटाला फावडं लावायचं नाही. माझे वडील पाटकरी होते. घरात दोन वेळच्या खाण्यापलीकडे काही नव्हतं, पण गावचा पाटील त्यांना आधी रामराम घालायचा, कारण पाटलाच्या उसालाही पाणी वडिलांच्या फावड्यानंच मिळायचं. आणि आमच्या गावात जमीन विकली की पाणी तिच्याबरोबर जायचं. फडातली जमीन म्हणजे पाण्यासकट जमीन. हे इतकं अंगात मुरलेलं होतं की ही गोष्ट विचारायची असते, हे मला साठीला टेकल्यावरही सुचलं नाही.

आयटीआय केलं, पुण्यात एका कारखान्यात लागलो, आणि त्या कारखान्यानं मशिनं बसवायला म्हणून अमेरिकेत पाठवलं. तिथून पुढचं सगळं माझं मी केलं. सनीव्हेलमध्ये चिप बनवणारे कारखाने दर काही वर्षांनी जुनी यंत्रं काढून टाकत. मी ती लिलावात घ्यायचो, गाळ्यात आणून दुरुस्त करायचो आणि विकायचो. मंडळाच्या गणपतीत लोक पहिला प्रश्न विचारायचे, "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?" मी म्हणायचो, "धुळ्याचा आयटीआय." मग त्यांना समोसे आठवायचे. पुढे त्यांच्यातल्या तिघांच्या कंपन्या माझ्याकडून यंत्रं घेत होत्या आणि भावासाठी माझ्या गाळ्यात तासतासभर उभ्या राहत होत्या. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. आज लिहून दाखवतोय.

न्यू मेक्सिकोतल्या या गावात पहिल्यांदा आलो तो एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं लेथ उचलायला. गाव लहान. एक सिग्नल, एक चर्च, एक पोस्ट, जनावरांच्या खाद्याचं दुकान. म्हातारी माणसं अजून घरात स्पॅनिशच बोलतात, आणि त्यांचे पूर्वज स्पेनच्या राजाच्या कागदावर इथं आलेले. ट्रक घेऊन परत निघालो तर रस्त्याकडेला एक माणूस फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं चालला होता. एका ठिकाणी थांबला, लाकडी फळी वर ओढली, आणि पाणी शेतात वळवलं. मी ट्रक थांबवला. उतरून पाहत उभा राहिलो. त्या माणसाला वाटलं मी रस्ता चुकलोय. मला रस्ता चांगला ठाऊक होता. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "धंदा विकतो. आपण तिकडे राहायचं."

ती म्हणाली, "तिकडे मराठी बोलायला कोण आहे?"

"मी आहे ना."

"तेच म्हणतेय."

तरी ती आली. मुलगी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला नोकरीला लागली होती, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये आम्हाला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. जमीन मिळेपर्यंत गावाजवळ एक घर भाड्यानं घेतलं.

जमीन मिळाली ती पंच्याऐंशीच्या घरातल्या एका विधुर म्हाताऱ्याची. मुलगे शहरात, कोणाला शेती नको. गावात त्याला सगळे 'दोन' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे 'राव' म्हणतात तसं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्यानं कॉफी दिली, प्रत्येक झाड कोणी लावलं ते सांगितलं, आणि भावाचा विषय निघताच खिडकीबाहेर बघायला लागला. स्वतःच्या टेबलाशी बसून जमिनीचा भाव बोलणं त्याला असभ्य वाटत होतं.

मला ते पटलं. माझाही नियम तोच होता. समोरासमोर भाव करायचा नाही, मधे माणूस घालायचा. हे मी लहानपणी बैलबाजारात मामाबरोबर शिकलो. तिथं दलाल दोघांचे हात रुमालाखाली धरायचे आणि बोटांनी भाव सांगायचे. आकडा तोंडानं उच्चारला जात नाही, म्हणून कोणाचा अपमान होत नाही, आणि सौदा मोडला तरी दोघं एका चहाच्या टपरीवर बसू शकतात. सनीव्हेलमध्येही मी लिलावाबाहेरचा सौदा नेहमी माणूस घालूनच केला. चिडका माणूस समोर बसला की चिडतो, आणि चिडला की हरतो. मी चिडका आहे हे मला माहीत आहे.

तर मी मधे माणूस घातला. हा एजंट मूळचा नागपूरचा, इथून दोन तासांवरच्या शहरात पंधरा वर्षं घरं-जमिनी विकणारा, स्पॅनिश अस्खलित. मंडळाच्या कोणीतरी नंबर दिला होता. पहिल्या भेटीत त्यानं बायकोच्या हातची बट्टी चार वेळा मागून घेतली आणि म्हणाला, "काकू, अशी बट्टी नागपुरात पण नाही भेटत." मला तो आवडला. दलाल गोड बोलणाराच हवा.

पंधरा दिवस तो माझ्यात आणि म्हाताऱ्यात ये-जा करत होता. दर संध्याकाळी फोन.

"काका, म्हातारा उतरून नाही राहिला."

"उतरेल. त्याला सांग, अर्ध्या झाडांची खोडं पोकळ झालीत."

"सांगितलं ना."

"परत सांग. सांगून गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, तिथंच मार खातोस."

"काका, तुमी तर माझीच नोकरी घेऊन राहिले यार."

मी आकडा धरून बसलो होतो आणि तो खूप खालचा होता हे मला माहीत होतं. म्हातारा मधे कुठंतरी येऊन थांबेल, हा माझा अंदाज. एका सकाळी फोन आला, "काका, पेढे आणा. काम झालं."

"कितीत?"

"तुमी म्हणाले होते तितक्यातच."

"पूर्ण तितक्यातच? वर काहीच नाही?"

"काहीच नाही. म्हातारा म्हणे, त्यांना जमीन आवडली, देऊन टाका."

इथं माझी चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. तीस वर्षं मी माझ्या माणसांना शिकवलं की विकणारा एकदम खाली आला तर आनंद करू नका, यंत्राचं झाकण उघडून आत काय नाही ते बघा. त्या सकाळी मी झाकण उघडलं नाही. मी बायकोला शिरा करायला सांगितला.

सही करायला शहरात गेलो. कागद मी वाचतो, प्रत्येक ओळ वाचतो. चौथ्या पानावर एक ओळ होती: पाण्याचे हक्क विकणाऱ्याकडे राखून ठेवले आहेत. मी बोट ठेवून त्याला मराठीत विचारलं, "हे काय?" समोर ऑफिसातली मुलगी पेन घेऊन बसलेली.

तो म्हणाला, "काका, ते बोरिंगचं आहे. या राज्यात जमिनीखालचं पाणी कोणाला असंच देत नाहीत. सगळ्याच कागदांत ही लाइन राहते."

"पाटाचं?"

"पाट तर आहेच ना काका. बांधावरून जाते तुमच्या. कुठं जाणार आहे?"

शब्द न् शब्द असाच होता. मी सही केली.

आम्ही हिवाळ्यात त्या जमिनीवरच्या घरात राहायला आलो. मार्चमध्ये पाटाची साफसफाई असते. इथं पाटाला असेकिया म्हणतात, आणि ज्याच्या जमिनीला पाणी आहे त्या प्रत्येकानं सफाईला यायचं किंवा माणूस पाठवायचा, ही रीत त्यांचे पूर्वज आले तेव्हापासूनची. पाण्याची वाटणी करणाऱ्या प्रमुखाला ते मायोर्दोमो म्हणतात. आमच्या पाटाची मायोर्दोमो पन्नाशीतली एक बाई आहे, एरवी शाळेची बस चालवते. मला कोणी बोलावलं नव्हतं. पाट माझ्या बांधावरून जातो, सफाई उद्या आहे, एवढं दुकानात ऐकलं होतं. पाटकऱ्याच्या मुलाला याहून वेगळं आमंत्रण कशाला हवं? पहाटे फावडं घेऊन मी वरच्या बंधाऱ्यापाशी सगळ्यांच्या आधी उभा होतो.

बाई आली, माझ्याकडे पाहिलं, जराशी थांबली, आणि फावड्याच्या दांड्यानं मोजून मला माझा तुकडा आखून दिला. तळातला गाळ काढायचा, कडेची मुळं तोडायची, काठ सरळ करायचा. सगळे आपापला तुकडा संपवायचे, मग बाई "वुएल्ता" अशी लांब हाक द्यायची आणि अख्खी रांग पुढं सरकायची. माझं वय रांगेतल्या निम्म्या लोकांहून जास्त होतं आणि माझा काठ सगळ्यात सरळ होता. स्पॅनिश मी गाळ्यातल्या कामगारांकडून शिकलेलो, मोडकीतोडकी पण धीट.

शेजारच्या तुकड्यावर खालच्या अंगाचा एक शेतकरी होता. दांडगा माणूस, दहा एकर मिरची करतो. तो म्हणाला, "फावडं धरायला कुठं शिकलास? कॉम्प्युटरमध्ये?"

मी म्हटलं, "आमच्याकडे पण पाट आहे. तुमच्याहून जुना."

"खोटं."

"माझा बाप मायोर्दोमो होता."

"मग इथं कशाला आलास? तिकडचं पाणी संपवलंत?"

रांग हसली, मीही हसलो. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. बायकोनं दशम्या आणि तिळाची चटणी दिली होती. मिरचीवाल्यानं चटणी चाखली आणि म्हणाला, "ही जरा कमी तिखट आहे." तरी तीन दशम्या खाल्ल्या. मी त्या दुपारी फार खूश होतो. सनीव्हेलमध्ये तीस वर्षं काढून मला कोणी असं रांगेत घेतलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर बाईनं वही काढली आणि एकेक नाव वाचून हजेरी घेतली. यादी संपली. माझं नाव नव्हतं.

मी म्हटलं, "माझं राहिलं."

"तुझं कशाला असेल, वेसीनो?" ती मला शेजारी म्हणाली, नावानं नाही.

"मी जमीन घेतलीय. म्हाताऱ्या दोनची."

"घेतलीस. पाणी नाही घेतलंस. कागद झाला त्या दिवशीच दोननं येऊन सांगितलं, ती जमीन आता पाटाबाहेर. पाणी त्याच्या नावावर आहे."

"मग मला दिवसभर खणू का दिलंस?"

तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं तू मदतीला आलास. शेजारी येतात."

मिरचीवाला बुटातली माती झाडत होता. तो पाठ करून आपल्या ट्रककडे निघाला, आणि ते मला त्याच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मी फावडं ट्रकमध्ये टाकलं आणि तसाच, चिखलानं भरलेला, म्हाताऱ्याच्या दारात गेलो. आता तो चर्चजवळच्या दोन खोल्यांत राहतो. त्यानं दार उघडलं आणि मी सुरू झालो. अर्धं स्पॅनिशमध्ये, अर्धं इंग्रजीत, आणि जे या दोन्ही भाषांत मला येत नाही ते मराठीत. चोर म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही म्हटलं. झाडं मेली तर पाप तुझ्या डोक्यावर म्हटलं. त्याच्या शेजारणीनं खिडकी उघडली. तो ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "बूट बाहेर काढा आणि आत या."

आत कॉफी दिली. मग एकेक शब्द सुटा करून, मला समजावा म्हणून, म्हणाला, "मी तुमच्या माणसाला तीन वेळा सांगितलं. माझ्या ओसरीवर, त्या खुर्चीवर बसून. मी म्हटलं, हा भाव पाण्यासकट जमिनीचा नाही. या भावात हवी असेल तर जमीन न्या, पाणी माझ्याकडे राहील. तुमच्या साहेबांना नीट सांगा. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, साहेबांना मान्य आहे."

"तो मला हे काहीच बोलला नाही."

"ते मला कसं कळणार? तुम्ही स्वतः आला नाहीत."

मी विचारलं, पाणी तुम्हाला कशाला हवं, शेत तर विकलं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाला, "शहरातले लोक पाणी विकत घेऊन जातात. घरं बांधतात, हिरवळी करतात. आमच्या वरच्या पाटाचं तसंच झालं, आता तिथं धूळ आहे. माझ्या बापाच्या जमिनीसाठी जो माणूस इतका घासाघीस करतो, झाडांची खोडं पोकळ आहेत म्हणतो, तो उद्या पाणीही विकेल, असं मला वाटलं. म्हणून मी पाणी ठेवून घेतलं. विकायला नाही. पाटात राहावं म्हणून."

माझ्यापाशी उत्तर होतं, आणि ते आजही आहे. भाव करणं हा आमच्यात अपमान नाही. मागेल तो भाव देऊन निघून जाणारा माणूस माल बघत नाही, माणूसही बघत नाही. मी पंधरा दिवस घासाघीस केली कारण मला ती जमीन मरेपर्यंत ठेवायची होती. दोन दिवसांत विकायची असती तर मी अर्ध्या तासात सौदा केला असता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा, या टेबलावर सांगायला हवं होतं."

घरी आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही त्याचा भाव पाडलात, त्यानं तुमचं पाणी तोडलं. म्हाताऱ्याचा व्यवहार चोख आहे."

"आणि त्या एजंटाचा?"

"त्यानं माझ्या चार बट्ट्या खाल्ल्या," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं बट्टी केलेली नाही.

एजंटाला फोन लावला. पहिली पाच मिनिटं तो कसं काय, काकू कशा, असं करत राहिला. मी सरळ विचारलं, "म्हाताऱ्यानं तुझ्याजवळ निरोप दिला होता का, की या भावात पाणी नाही?"

"काका, ते तर कागदातच होतं ना."

"कागदाचं विचारत नाही. निरोप दिला होता का?"

"तुमाला मी बोललो होतो काका. तुमच्या लक्षात नसेल."

फसवणूक एक वेळ समजू शकते. सौदा मोडायला आला होता, पंधरा दिवसांच्या खेपा वाया जात होत्या, माणूस घसरतो. पण माझ्या तोंडावर माझीच आठवण खोटी ठरवायची? मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला आणि त्यानंतर माझा फोन उचललेला नाही.

मुलीला कागद पाठवला. ती म्हणाली, "बाबा, इट्स राइट देअर. पेज फोर. यू साइन्ड इट."

"त्यानं मला बोरिंगचं सांगितलं."

"देन स्यू हिम."

मी म्हटलं, कोर्ट मला फार तर त्याच्याकडून भरपाई देईल. पाणी कोर्टाकडे नाही. मला पाणी पाहिजे. ती म्हणाली, "ओके बाबा," त्या आवाजात, ज्याचा अर्थ, तिला पटलेलं नाही.

पहिला उन्हाळा मी टाकीवर काढला. पिकअपमध्ये प्लॅस्टिकची टाकी, गावातल्या विकतच्या नळावरून भरायची, आणि एकेका झाडाला आळं करून नळीनं पाणी सोडायचं. एक फेरी पूर्ण व्हायला चार दिवस, आणि चार दिवसांत पहिलं झाड पुन्हा कोमेजलेलं. या सगळ्या वेळात पाट माझ्यापासून हातभर उंचावरून भरून वाहत होता. लाकडी फळी तिथंच, माझ्याच जमिनीच्या तोंडाशी. एका हातानं वर होईल अशी. मी तिला हात लावला नाही. पाटकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कोणी चोर म्हणू शकेल असं एकच काम आहे, आणि ते मी करणार नाही. जर्दाळूची सहा झाडं गेली.

ऑगस्टमध्ये एके दिवशी म्हातारा काठी टेकत आला. मी नळी धरून उभा. त्यानं गेलेली झाडं मोजली, मग उभी असलेली मोजली. वाळलेल्या खोडांपैकी एकावर काठी आपटून पाहिली. म्हणाला, "पोकळ नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं. मी भावासाठी बोललो होतो."

त्यानं काठीनं एका आळ्याचा काठ नीट केला. जाताना म्हणाला, "पाणी या झाडांसाठीच होतं. ते जमिनीला परत द्यायला माझी ना नाही. पण मी एकट्यानं देऊन चालत नाही. बैठक ठरवेल."

पाटाच्या सगळ्या हिस्सेदारांची वर्षातून एकदा बैठक होते, चर्चमागच्या हॉलमध्ये, सफाईच्या आधी. यंदाच्या मार्चमध्ये माझा विषय निघाला. म्हाताऱ्यानं उठून सांगितलं की त्याची तयारी आहे. मग मिरचीवाला उभा राहिला. तो दुष्ट माणूस नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. म्हणाला, "या माणसानं पाण्याशिवाय जमीन घ्यायला होकार दिला, म्हणून त्याला ती कमी भावात मिळाली. आता भाव स्वस्तातला आणि पाणीही पाहिजे. हा सौदा त्यानं आधीच ठरवला नव्हता कशावरून? आज आपण हो म्हटलं तर उद्या शहरातला प्रत्येक जण असंच करेल."

मी म्हटलं, "मी होकार दिलेला नाही. निरोपच माझ्यापर्यंत आला नाही. भावातला फरक मी उद्याच म्हाताऱ्याला देतो."

"फरक ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "निरोप आला नाही हे कोण सांगतं? तूच."

खरं होतं. म्हाताऱ्यानं काय सांगितलं ते म्हाताऱ्याला माहीत. मी काय ऐकलं ते मला माहीत. या दोन्हींच्या मधे काय झालं ते जगात एकाच माणसाला माहीत आहे.

मायोर्दोमो बाईनं टेबलावर पेन ठोकलं आणि निर्णय सांगितला. विषय एक वर्ष पुढं. निरोप नेणाऱ्या माणसानं पुढच्या बैठकीत यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. तो आला आणि ह्याचं खरं निघालं तर पाणी जमिनीला परत. नाही आला तर विषय कायमचा बंद. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "सफाईला येणार आहेस का?"

"नाव नाही माझं."

"मी ते नाही विचारलं."

मी गेलो. दुसऱ्या वर्षीही दिवसभर खणलं. मिरचीवाल्यानं बायकोची चटणी मागून घेतली. मात्र हजेरीच्या वेळी मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.

आता उरलेली छत्तीस झाडं मी आणखी एक उन्हाळा टाकीवर ओढली आहेत. पुढचा ओढता येणार नाही. झाडांना टाकी पुरत नाही, आणि माझे गुडघेही आता सांगायला लागलेत. पण सौद्यात मी अजून हरलेलो नाही. तीस वर्षांत मी कधी समोरच्या माणसाला टेबलावरून उठू दिलं नाही, आणि या एजंटालाही देणार नाही. शहरातल्या त्याच्या ऑफिसात दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो "साइटवर" होता. मंडळाच्या माणसांकडून निरोप धाडला. उत्तर आलं, काकांना राग लवकर येतो. येतो. पण राग येणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

म्हणून हे मराठीत लिहितोय, कारण तू मराठीत वाचतोस, आणि तू ज्यांच्या घरी जेवतोस ते सगळे मराठीत वाचतात. तुझ्याकडून मला दमडी नको. तुझं लायसन्स जावं असंही मला नको. बैठक मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला आहे. तुझ्या शहरापासून दोन तास. हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं असतील, त्यांना तुझी स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगली कळेल. तुला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत: म्हाताऱ्यानं ओसरीवर बसून तुला काय सांगितलं, आणि फोनवर तू मला काय सांगितलंस. खोटं सांगायचं असेल तर खोटं सांग, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यात बघून, माझ्यासमोर, उभा राहून सांग. तू एजंट होतास. दोघांच्या मधे उभा राहण्याचेच तू पैसे घेतलेस. मग आता मधे ये आणि उत्तर दे.